नववं गाणं कुणी ऐकलं?

"बाबा, माझा अल्बम आवडला म्हणता ना? मग नववं गाणं कशाबद्दल आहे, सांगा बघू!"

प्रश्न खरं तर भोंग्याच्या मैत्रिणींचा. ठेंगणी आणि बडबडी या दोघींनी तिला शाळेच्या जिन्यात गाठून तो तिच्या गळ्यात मारला होता. "सगळे नुसतं 'छान छान' करतात," ठेंगणी म्हणाली होती, "पण शेवटपर्यंत ऐकलंय कुणी? हिंमत असेल तर विचारून दाखव!" आणि भोंगा हिंमतीत कमी पडणारी मुलगी नव्हतीच. जन्मल्या जन्मल्या तिने असा टाहो फोडला होता की नर्स म्हणाली, "बाई गं, हा तर भोंगा आहे!" तेव्हापासून घरीदारी तेच नाव चिकटलं.

बाबांनी चहाचा कप ओठांना लावला आणि तो खाली ठेवायचंच विसरले.

"नववं... म्हणजे आठव्याच्या नंतरचं ना?"

"हो."

"शेवटचं?"

"हो, बाबा."

"फारच सुंदर. म्हणजे शेवटी आहे ना, त्यामुळे अगदी शेवटासारखं वाटतं."

"पण आहे कशाबद्दल?"

"माझा चष्मा कुठे गेला?" म्हणत बाबा उठले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता. स्वतःचं चष्म्याचं दुकान असलेला आणि रस्त्यापलीकडच्या माणसाची वाकडी काडी इथून ओळखणारा हा गृहस्थ पाच मिनिटं चष्मा शोधत राहिला आणि तसाच दुकानात निघून गेला.

भोंगा मटकन खुर्चीत बसली. आठ महिने! आठ महिने तिने आईबाबांच्या लाकडी कपाटात काढले होते. रोज शाळेतून आली की ती रजया आणि लोकरी शालींच्या मधोमध मांडी ठोकून बसायची, कारण रजया आवाज पितात आणि बाहेरची गडबड आत येऊ देत नाहीत. गिटार पूर्ण मावायची नाही, म्हणून तिची मान दारातून बाहेर. गीत तिचं, संगीत तिचं, आवाज तिचा, ध्वनिमुद्रण तिचं, मुखपृष्ठावरचा निळा ढगही तिनेच रंगवलेला. आत डांबरगोळ्यांचा वास असायचा, फटीतून उन्हाची एक बारीक रेघ यायची आणि त्या रेघेत धूळ अशी तरंगायची, जणू तिला कुठे जायची घाईच नाही. तिथे बसलं की चारचौघांत कर्ण्यासारखा वाजणारा भोंग्याचा आवाज आपोआप मऊ व्हायचा. वाट चुकलेल्या ढगाचं गाणं, चांदणं गोळा करणाऱ्या मासोळीचं गाणं, स्वतःशीच गुणगुणणाऱ्या पुलाचं गाणं. चाली जुन्या, आईच्या तोंडून ऐकलेल्या, शब्द नवे, खाली गिटारचा हलका ठेका.

आणि नववं गाणं नावेचं. किनाऱ्याला बांधलेली नाव किनाऱ्याला म्हणते, तू चांगला आहेस, पण आता दोर सोड.

ते गाणं शेवटी ठेवण्यामागे कारण होतं. भोंग्याच्या दप्तरात एक अर्ज होता, दूरच्या शहरातल्या संगीतशाळेचा. तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं. शनिवारपर्यंत आईबाबांच्या सह्या हव्या होत्या. इकडे बाबांनी दुकानात तिच्यासाठी एक उंच स्टूल आणून ठेवलं होतं. 'पुढे तूच बसणार ना इथे' म्हणून रोज ते पुसायचे. त्या स्टुलासमोर भोंग्याचा भोंगा बंद पडायचा. म्हणून तिने ठरवलं होतं, आपण गाण्यातून सांगू. ते अल्बम ऐकतील, नवव्या गाण्याशी पोचतील, एकमेकांकडे बघतील आणि त्यांना सगळं कळेल.

फक्त नवव्या गाण्याशी कुणी पोचतच नव्हतं.

बुधवारी आईने अल्बम गाडीत लावला. आई गाडी चालवायला शिकवायची आणि त्या दिवशी तिच्या शेजारी पासष्ट वर्षांचे एक शिकाऊ आजोबा होते. चौकात दिवा हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, पुन्हा लाल. गाडी हलेना. मागे हॉर्नची जत्रा भरली. शेवटी वाहतूक पोलिसाने काच ठोठावली, तर आजोबा स्टिअरिंगवर गाल टेकून बाळासारखे झोपलेले.

"तुझा अल्बम गाडीत लावणं म्हणजे जिवाशी खेळ आहे," आई घरी येऊन म्हणाली. "चौथ्या गाण्याला आजोबा गेले!"

"गेले?"

"झोपी गेले गं!"

"आणि तू?"

"मी... माझाही जरा डोळा लागला."

"म्हणून लाल झालेत?"

"झोपेने होतात लाल," म्हणून आई तोंड धुवायला गेली.

गुरुवारी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी अल्बम लावला. काकूंना गेली कित्येक वर्षं धड झोप नव्हती आणि तसं त्या दिवसातून दोनदा सगळ्यांना सांगत. त्यांनी बादली भरायला नळ सोडला, गाणी लावली, खुर्चीत टेकल्या आणि मासोळीच्या गाण्यात अशा बुडाल्या की बादली भरली, न्हाणीघर भरलं आणि भोंग्याच्या घरातल्या छतावर हळूच एक ओला ढग उमटला. अगदी मुखपृष्ठावरच्यासारखा. दुपारभर तो शांतपणे पसरत गेला आणि मग कपाटावर टिप टिप गळू लागला.

प्लंबरला बोलावलं. प्लंबर वर गेला. अर्धा तास झाला, तास झाला, माणूस खाली येईना. भोंगा बघायला गेली, तर गाणी पुन्हा पहिल्यापासून सुरू, काकू खुर्चीत आणि प्लंबर बेसिनखाली, पाना छातीशी धरून, चेहऱ्यावर मंद हसू.

"अहो!" भोंगा तिच्या मूळ आवाजात ओरडली.

"काय आवाज आहे हो त्या बाईंचा!" प्लंबर उठून बसला. "मी एका पुलावर होतो. पूल गात होता."

"ती बाई म्हणजे मी! पुढचं ऐकलंत का? नववं गाणं?"

"पुढे पण आहे?"

प्लंबरने ही बातमी दातांच्या डॉक्टरांना दिली, कारण दुसऱ्या दिवशी त्याला त्यांच्याकडचा पाइप बघायचा होता. डॉक्टरांनी लगेच दवाखान्यात अल्बम लावला. एरवी खुर्चीला नखं रुतवून बसणारे पेशंट आ वासून गाढ झोपले. ही सोयच झाली. पण मग डॉक्टरांचीच मान डुलायला लागली आणि बाहेर बाकावर वाट बघणाऱ्या सहा माणसांची एक लांब, डुलणारी ओळ तयार झाली. शुक्रवारी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "भोंगाताई, तुमचं मनापासून अभिनंदन! एकच विनंती. अल्बम जरा लांबवता येईल का? दाढ काढायला वेळ लागतो."

"डॉक्टर, तुम्ही नववं गाणं..."

पलीकडून फक्त जांभई ऐकू आली.

"हे होणारच होतं," बडबडी म्हणाली. तिघी भोंग्याच्या घरी, ओल्या कपाटासमोर बसल्या होत्या. या दोघींनी अल्बम पूर्ण ऐकला होता, पण एकमेकींना चिमटे काढत. "तुझ्या सगळ्या चाली कुठल्या आहेत, माहीतेय का?"

"लोकगीतांच्या!"

"कुठल्या लोकांच्या?"

भोंग्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आई, तू मला ती जुनी गाणी म्हणायचीस ती कसली गं?"

"तुला झोपवायची!" आतून उत्तर आलं. "सगळ्या पोरांना एकात झोप येते. तुला नऊ लागायची. आठव्यालासुद्धा टक्क जागी!"

ठेंगणीने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे तू आठ महिने राबून लोकांना अंगाया ऐकवल्यास! आता एकच उपाय. आधीची आठ गाणी कापून टाक. नुसतं नववं लाव. आज. आत्ता. उद्या शनिवार आहे."

त्या संध्याकाळी मैत्रिणी गेल्यावर भोंग्याने आईबाबांना सोफ्यावर बसवलं. दोघांच्या हातात गार पाण्याचा एकेक पेला दिला, खिडकी उघडली, पाठीमागच्या मऊ उशा काढून घेतल्या. "एकच गाणं आहे," ती म्हणाली. "चार मिनिटं. प्लीज."

गाणं सुरू झालं. खोलीत उतरत्या उन्हाचा मधासारखा रंग होता. नाव पाण्यावर हलकेच डुलली, दोराला ओढ बसली, पडदा श्वास घेतल्यासारखा फुगला आणि खाली बसला. आणि पहिलं कडवं संपायच्या आत आईची मान खांद्यावर आली. बाबा तर चक्क घोरायला लागले.

भोंग्याचे डोळे भरून आले. तिचं सगळं आयुष्य त्या चार मिनिटांत होतं आणि समोर दोन झोपलेली माणसं. ती गाणं बंद करायला वाकली आणि तेवढ्यात तिची नजर बाबांच्या पायाकडे गेली. बाबांचा अंगठा ताल धरत होता.

तिने गाणं मध्येच बंद केलं. अंगठा आणखी दोन मात्रा हलला आणि मग दचकून थांबला.

"बाबा, झोपलेल्या माणसाचा अंगठा ताल धरतो का?"

"स्वप्नात धरतो," बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

"अहो, पुरे आता," आई म्हणाली. तिचेही डोळे मिटलेलेच होते, पण कडांमधून पाणी येत होतं.

"तुम्ही जागे आहात!"

"पहिल्या दिवसापासून," बाबांनी एक डोळा उघडला. "दुकानात सात वेळा ऐकलंय. गिऱ्हाइकं झोपायची, मी नाही."

"आणि मी चौकात झोपले नव्हते," आई म्हणाली. "चौथं कसलं, नववं चाललं होतं. संपेपर्यंत मला काही दिसेचना, दिवा नाही की पोलीस नाही."

"मग सांगितलं का नाहीत? मी आठवडाभर मरतेय इथे!"

"ऐकलं म्हटलं की उत्तर द्यावं लागतं," बाबा हळूच म्हणाले. "झोपलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही."

छतावर आता सोफ्यापर्यंत पसरलेल्या ओल्या ढगातून एक थेंब सुटला आणि बाबांच्या टकलावर पडला. त्यांनी तो पुसलासुद्धा नाही.

"आणि खरं सांगू का, भोंग्या?" ते म्हणाले. "त्यात नाव किनाऱ्याला म्हणते, दोर सोड म्हणून. बरं, म्हणते. पण आम्हाला कुणी काही म्हटलंय का? तू ढगाशी बोलतेस, माशाशी बोलतेस, पुलाशी बोलतेस. आम्ही दोघं तुझ्यासमोर रोज ताटावर बसतो."

भोंग्याने नाक पुसलं. दप्तरातून अर्ज काढला, घड्या सरळ केल्या आणि तो दोन पाण्याच्या पेल्यांच्या मधोमध ठेवला. मग ती ताठ उभी राहिली.

"आई, बाबा, मी दुकानात बसणार नाही. मी संगीतशाळेत जाणार आहे, लांब, राहायला, आणि मला तुमच्या दोघांच्या सह्या हव्यात. आणि हे मी गात नाहीये, बोलतेय. तेव्हा कृपा करून दोघांनीही डोळे उघडा."