झाकण उघडण्याबाबत

रविवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी शेरेसाहेबांनी स्लो कुकरचं बटण मंद आचेवर आणलं आणि वहीत तशी नोंद केली. शेरा मारल्याशिवाय कागद पुढे सरकू द्यायचा नाही, या शिस्तीपायी ऑफिसात त्यांना हे नाव पडलं होतं. पाळण्यातलं नाव आता बायकोलाही पटकन आठवत नसे.

तीन आठवडे दवाखान्यात काढून वडील कालच घरी आले होते. तिथलं पांचट सूप पिऊन त्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती. पण काल उशीला टेकून म्हणाले, "कोंबडीचा मऊ रस्सा खावासा वाटतो रे. बटाटा कसा जिभेवर विरघळला पाहिजे." शेरेसाहेबांचे डोळे भरून आले. हे काम आपण जातीनं करायचं, त्यांनी ठरवलं.

कुकरच्या माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं : शिजण्यास आठ तास. झाकण उघडू नये. उघडल्यास दर खेपेस अर्धा तास वाढवावा. इतकं स्वच्छ परिपत्रक त्यांच्या उभ्या नोकरीत त्यांना मिळालं नव्हतं.

अकरा वाजता बायकोनं मीठ बघायला झाकण उचललं.

"अहो, एवढंसं तर उघडलं!"

"एवढंसं अशी तरतूद नाही," शेरेसाहेब म्हणाले आणि अर्धा तास वाढवला.

मग मुलीनं फोटो काढला. तो नीट आला नाही म्हणून पुन्हा काढला. समोर राहणारी बहीण "माझेही वडील आहेत म्हटलं!" असं म्हणत आली, तिनं ढवळूनच पाहिलं. आणि कुणी झाकण उघडत तर नाही ना, याची खातरजमा करायला शेरेसाहेब स्वतः तासातासाला उघडून बघत होते.

दोन वाजता त्यांनी फर्मान काढलं : यापुढे लेखी अर्जाशिवाय झाकण उघडणार नाही. बायकोनं लगेच अर्ज दिला, "शिजलं का ते पाहणे." आता कारण खरं की खोटं, हे जागेवर पाहणी केल्याशिवाय कसं ठरणार? शेरेसाहेबांनी झाकण उघडलं, पाहणी केली आणि अर्ज फेटाळला.

"आणि तुमचा अर्ज कुठाय?" बायकोनं विचारलं.

मुद्दा बिनतोड होता. त्यांनी स्वतःकडेच अर्ज केला. पण आपल्याच अर्जावर आपण निर्णय देणं बरं दिसत नाही, म्हणून तो बहिणीकडे अभिप्रायासाठी पाठवला. अभिप्राय द्यायचा तर आत बघायलाच हवं, असं बहीण म्हणाली. तिचंही चूक नव्हतं.

सहा वाजून पाच मिनिटांनी हिशेब झाला. झाकण अठरा वेळा उघडलं होतं. सकाळी आठ तास बाकी होते, आता नऊ उरले होते. कसूर कुणाचीच नव्हती. वही चोख होती.

"झालं का रे?" आतल्या खोलीतून वडिलांनी विचारलं.

"कार्यवाही सुरू आहे, बाबा!"

थोड्या वेळानं वडील भिंत धरधरत स्वयंपाकघरात आले. त्यांनी झाकण उचललं आणि चमच्यानं बटाटा दाबून पाहिला. बटाटा हलला नाही.

"तुझ्या ऑफिसात माझा नळाचा अर्ज दोन वर्षं पडून होता," ते म्हणाले. "तू म्हणायचास, बाबा, वरची मंडळी रोज बघताहेत. मला वाटायचं, थापा मारतोय. खरंच बघत होती की रे बिचारी!"

"आणखी साडेनऊ तास फक्त, बाबा..."

"राहू दे. भूक लागली होती. आता गेली."

कपभर दूध पिऊन ते भिंतीकडे तोंड करून झोपले. शेरेसाहेबांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी वही ओढली आणि लिहिलं : अर्जदाराची भूक संपुष्टात आल्याने प्रकरण निकाली.

हसताय? गोष्ट अर्ध्यावर असताना, अजून किती उरलीय म्हणून शेवटाकडे कोण डोकावलं होतं? मांडा अर्धा तास तुमच्याही नावावर.