जाहीर थंडी आणि पा नुआनची दुलई

थंडी दोन प्रकारची असते. एक पडते, दुसरी जाहीर होते. पडलेल्या थंडीला कुत्रं विचारत नाही. माणसं दात वाजवतात, शेकोटी पेटवतात आणि कामाला लागतात. जाहीर झालेल्या थंडीचा थाट वेगळा. तिला तालुक्याचा कागद लागतो, मंडप लागतो, माईक लागतो आणि सरतेशेवटी टाळ्या लागतात. टाळ्या वाजेपर्यंत थंडी गेली असं धरता येत नाही.

उत्तर थायलंडच्या डोंगरांतलं बान हुआय मोक हे गाव या बाबतीत फार शिस्तीचं. पारा सलग काही पहाटे ठरावीक खुणेखाली गेला की तालुका थंडीची आपत्ती जाहीर करतो. (पारा पूर्वी विहाराच्या पूर्वेकडच्या भिंतीवर टांगलेला असे. तिथं तो उगाच वर चढून गावाचं नुकसान करी. हल्ली तो विहिरीच्या आतल्या बाजूला राहतो आणि समजूतदारपणे वागतो.) कागद येईपर्यंत गावकरी नुसते कुडकुडतात, कागद आला की त्यांना थंडी वाजू लागते. मग तालुक्याचे साहेब येतात आणि घरटी एक ब्लँकेट वाटून जातात.

ही व्यवस्था इतकी चोख चालते की आजमितीला गावात माणशी सहा ब्लँकेटं आहेत. डुकरं धरली तर डोई चार. (डुकरं धरावीच लागतात, कारण त्यांच्या खोपटातही ती अंथरलेली आहेत.) शिवाय खिडक्यांना पडदे तीच, मोटारसायकलींवर खोळी तीच, आणि मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याच्या बरण्याही त्यातच गुंडाळलेल्या. प्रत्येकाच्या मधोमध देणाऱ्याचं नाव ठळक छापलेलं असतं. मध्यरात्री जाग आली तरी आपण कुणाच्या कृपेनं झोपलो होतो, हे माणसाला कळलं पाहिजे. ब्लँकेटं दिसायला झकास. त्यांत खोट एकच, ऊब येत नाही. उबेसाठी घरोघरी जुन्या हातमागाच्या दुलया आहेत, पण त्या कुणी दिलेल्या नसल्यामुळं त्यांची कुठं नोंद नाही.

अशीच एक दुलई पा नुआनकडं होती. (पा म्हणजे मावशी. साठी ओलांडलेली बाई या गावात सगळ्यांचीच मावशी होते. तिला कुणी विचारत नाही.) लाल, जाड, दुपदरी, तिच्या आईनं कापूस पिंजण्यापासून विणण्यापर्यंत सगळं स्वतः केलेली. तिच्यात पा नुआनची मुलगी खाम्पान वाढली. खाम्पान आता दूर दक्षिणेला समुद्रकाठच्या हॉटेलात कामाला होती, तिथंच तिला मुलगी झाली होती, आणि त्या दिवशी संध्याकाळच्या बसनं ती लेकीला घेऊन पहिल्यांदा माहेरी यायची होती. नातीनं जन्मात थंडी बघितलेली नव्हती. तिला पहिल्या रात्री त्याच दुलईत निजवायचं, हे पा नुआननं बारशाआधीच ठरवून ठेवलं होतं. पण दुलई पावसाळाभर पेटीत होती. तिला कुबट वास मारत होता. तिला दिवसभराचं कडक ऊन हवं होतं, आणि दिवस तेवढा एकच उरला होता.

म्हणून पा नुआन कोंबड्याच्याही आधी उठली. थंडीच्या सकाळी संसार कसा चालतो याचा हिशोब मांडला तर तो साधारण असा: चूल पेटवणे, रात्री भिजवलेला चिकट तांदूळ वेताच्या टोपलीत वाफवायला ठेवणे, हिरव्या मिरच्या निखाऱ्यावर भाजून त्यांचा ठेचा करणे, भिक्षूंना भात वाढणे (थंडीत भिक्षूही डोक्याला तपकिरी लोकरीची टोपी घालतात; वैराग्य कानांपर्यंत पोचत नसावं), कोंबड्यांना दाणे टाकणे, सोयाबीनच्या चकत्या वाळायला सुपात पसरणे. ही सगळी कामं पा नुआनकडं. शेकोटीजवळ बसून शेकोटीवर लक्ष ठेवणे हे काम तिचा नवरा लुंग केओ याच्याकडं. तो ते मन लावून करी. त्यानं लक्ष काढून घेतलं तर शेकोटी विझेल अशी त्याला रास्त भीती वाटत असे, म्हणून तो उठत नसे.

धुकं जरा विरळ झालं तशी पा नुआननं दुलई कुंपणावर टाकली. त्याच घटकेला गावचा कर्णा बोलू लागला.

कर्ण्यावर गावचा प्रमुख, फोलुआंग इन्ता, होता. त्यानं गावाला थंडीच्या शुभेच्छा दिल्या आणि सूचना सांगितल्या. साहेब नऊला येणार, तेव्हा सर्वांनी साडेसातला शाळेच्या मैदानात येऊन बसावं, म्हणजे ते येईपर्यंत नीट गारठायला वेळ मिळेल. नवे स्वेटर घालू नयेत. शेकोट्यांचा धूर रस्त्यावरून दिसू नये. सर्दी असलेल्यांनी पुढच्या रांगेत बसावं. नसलेल्यांनी त्यांच्या शेजारी बसावं. आणि सर्वांत महत्त्वाचं, कुणाच्याही कुंपणावर, दारात किंवा डुकरांच्या खोपटात पांघरूण दिसता कामा नये. ज्या गावात पांघरुणं वाळत असतात त्या गावाला पांघरुणं कोण देईल, असा त्याचा सवाल होता, आणि तो बिनतोड होता.

पा नुआननं सगळं ऐकलं आणि दुलई नीट ताणून घेतली. थोड्याच वेळात इन्ता स्वतः दारात उभा राहिला.

"पा, दुलई? आणि आजच?"

"ऊन आजच आहे."

"उद्या पण असेल की."

"नात आज येतेय, इन्ता. उद्या उन्हाला काय ओवाळू? आणि या दुलईपुढं तू तोंड वर करून बोलू नकोस. तुझी आई शेतावर जायची तेव्हा तुला हिच्यावरच टाकून जायची. दोनदा धुवावी लागली होती."

शासनाला असा इतिहास सांगितला की शासन विषय बदलतं. इन्तानंही बदलला. पण तो तसा वाईट माणूस नव्हता आणि त्याची स्वतःचीही एक अडचण होती. मंचावरच्या टेबलाचं झगझगीत कापड शेजारच्या गावात कुणाच्या तरी अंत्यविधीला गेलं होतं आणि अंत्यविधी लांबला होता. साहेबांना उघड्या टेबलामागं उभं करणं म्हणजे गावाची अब्रू जाण्यातला प्रकार. त्यानं हे दुःख बोलून दाखवलं. पा नुआननं एकच प्रश्न विचारला.

"टेबल उन्हात आहे का रे?"

टेबल उन्हात होतं. मंडप गावकऱ्यांवर होता, टेबलावर नव्हता, कारण फोटो नीट यायचे होते. झालं, तडजोड ठरली. पांघरूण टेबलावर पसरलं की ते पांघरूण राहत नाही, मेजपोस होतं, हा नियम त्या दिवसापासून बान हुआय मोकमध्ये लागू आहे. पा नुआननं लुंग केओला निघायला सांगितलं. तो म्हणाला, शेकोटी विझली की आलोच. ती भाताची टोपली काखोटीला मारून आणि दुलई डोक्यावर घेऊन मैदानात गेली.

साहेब अकराला आले. तोवर धुकं कधीच पळालं होतं आणि मैदान तापलं होतं. गावकऱ्यांच्या कपाळावर घाम आला होता, तो त्यांनी साहेबांच्या नजरेआड पुसला. साहेबांनी मात्र जाड कोट घातला होता आणि गळ्यात मफलर होता, कारण ते गार हवेच्या मोटारीतून आले होते. त्यांनी विचारलं, फार थंडी आहे का? सगळं गाव एका सुरात "फार" म्हणालं. हात चोळायचे राहिले होते, ते मग चोळले.

भाषण सुरू झालं. अशा भाषणांबद्दल आजवर लोकांची एकच मागणी असे. त्या दिवशी मात्र भाषण लांबावं असं मनापासून वाटणारी एक तरी बाई मैदानात होती. साहेब थांबले की पा नुआन टाळ्या वाजवी, टाळ्या पडल्या की साहेबांना आणखी सुचे, आणि दुलईला आणखी ऊन मिळे. साहेब थंडीच्या उगमापासून निघून थंडीच्या निर्मूलनापर्यंत आले तेव्हा तिच्या ध्यानात आलं की वरची बाजू तापली, खालची तशीच गार आहे. ती वाकून मंचाशी गेली आणि इन्ताच्या कानात म्हणाली, की नक्षी उलटी पडली आहे, पाहुण्यांना असं कापड घालणं अशुभ. इन्ता घाबरला. माईक, फुलदाणी, पाण्याची बाटली असं सगळं उचलून साहेबांच्या भाषणाच्या मध्यावर मेजपोस उलटण्यात आला. साहेबांना तो स्थानिक सन्मान वाटला. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि भाषण पहिल्यापासून घेतलं.

मग वाटप. साहेब ब्लँकेट उचलत, समोरच्याच्या हातात देत, दोघं कॅमेऱ्याकडं बघत, पुढचा. पा नुआन रांगेत मध्यावर होती. चार पिढ्यांच्या पांघरुणांच्या घड्या घालून तयार झालेल्या तिच्या नजरेला कळलं की ब्लँकेटांचा ढीग रांगेपेक्षा लवकर संपतोय. साहेबांच्या हाताला तर आता चटक लागली होती. ढीग संपला की तो हात पुढं टेबलावरच जाणार. दुलई शेवटच्या माणसाला मिळणार हे तिला स्वच्छ दिसलं. ती मागच्याला म्हणाली, तुम्ही व्हा पुढं. त्याच्या मागच्यालाही तेच. इतका सभ्यपणा गावानं तिच्यात कधी पाहिला नव्हता. शेवटी ती रांगेच्या टोकाला, इन्ताच्या बायकोपाशी येऊन थांबली.

इन्ताच्या बायकोलाही घड्या घालता येत होत्या आणि टेबलावरची दुलई दिसत होती.

"पा, तुम्ही मोठ्या. व्हा पुढं."

"छे गं. तू बाळंतपणं काढलीस पाच. तू हो."

"प्रमुखाचं घर नेहमी शेवटी घेतं, पा. त्याग असतो तो."

त्यागापुढं कुणाचं चालत नाही. पा नुआनला पुढं जावं लागलं आणि ढिगातलं शेवटचं ब्लँकेट तिच्या गळ्यात पडलं. मधोमध छापलेलं साहेबांचं नाव तिनं डोळे भरून पाहिलं, कारण डोळे भरलेच होते. मागं इन्ताची बायको मोकळे हात पुढं करून उभी होती. साहेबांनी माईक बाजूला केला, फुलदाणी बाजूला केली आणि दुलई उचलली.

तेवढ्यात लुंग केओ आला.

शेकोटी विझली नव्हती. पण भूक लागली होती आणि भाताची टोपली बायकोपाशी होती. म्हणून तो शेतातल्या आडवाटेनं निघाला, पाटाच्या ओल्या बांधावरून घसरला आणि गळ्यापर्यंत पाण्यात गेला. तो आता चिखलानं माखलेला, निथळता, दातावर दात आपटत थेट मंचापुढं येऊन उभा राहिला आणि "भात" एवढंच म्हणाला. त्या दिवशी त्या आपत्तिग्रस्त गावात खरोखर गारठलेला तो एकटा माणूस होता. साहेबांच्या उभ्या कारकीर्दीत असा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांचं मन भरून आलं. त्यांनी इन्ताच्या बायकोला ओलांडलं आणि सकाळपासून दोन्ही बाजूंनी उन्हात भाजलेली, खडखडीत, उबदार दुलई लुंग केओच्या चिंब अंगाभोवती आवळून गुंडाळली.

पा नुआन हुंदके देऊन रडू लागली. दुलई घरातच राहिली म्हणून रडावं की भिजली म्हणून, हे तिचं तिला कळेना. फोटोवाल्यानं ते टिपलं. "कृतज्ञतेचे अश्रू" या नावाखाली तो फोटो अजून तालुक्याच्या जिन्यात लावलेला आहे. वाटपाच्या इतिहासातले खरे अश्रू तेवढेच, त्यामुळं फोटो निवडणाऱ्याची नजर मानली पाहिजे.

टाळ्या झाल्या. थंडी गेली. दुलईच्या दोन्ही पदरांत पाटाचं पाणी घेऊन पा नुआन घरी आली आणि पायरीवर बसली. नात संध्याकाळी येणार, दुलईतून चिखल ठिबकतोय. ती नवऱ्याला एक अक्षरही बोलली नाही, त्यामुळं तो फार घाबरला आणि त्यानं आपणहून दुलई विहिरीवर नेऊन पिळली.

इतक्यात कर्णा पुन्हा बोलू लागला. इन्ता सांगत होता की साहेब वरच्या गावात जेवून याच रस्त्यानं परतणार आहेत. मिळालेलं पांघरूण पोचलं हे त्यांना दिसावं, म्हणून प्रत्येकानं आपापलं पांघरूण ताबडतोब कुंपणावर टाकावं आणि ते जाईपर्यंत काढू नये. जो टाकणार नाही त्याचं नाव पुढच्या वर्षी वगळलं जाईल.

पा नुआननं डोळे पुसले. सकाळी जिथून दुलई उतरवली होती, त्याच कुंपणावर, त्याच जागी, शासनाच्या हुकमानं ती पुन्हा टाकली. साहेब वरच्या गावात तब्येतीनं जेवले आणि जेवण झाल्यावर आडवे झाले. दुलई दिवस कलेपर्यंत वाळली. बस आली तेव्हा तिला नुसता उन्हाचा वास होता.

नात दुलईत शिरली, दोनदा शिंकली आणि मुठी मिटून झोपली. पा नुआन तिच्याकडं बघत राहिली. आजचा सगळा दिवस तिला स्वस्तात पडल्यासारखा वाटला. मग खाम्पाननं पिशवीतून आईसाठी आणलेली भेट काढली. म्हणाली, आमच्या हॉटेलातून सगळ्यांना दिलं, इथली थंडी आठवली, म्हणून आणलं. ते नवंकोरं ब्लँकेट होतं. मधोमध ठळक अक्षरांत हॉटेलचं नाव होतं. लुंग केओनं ते उलटंपालटं करून पाहिलं, डुकरांना बरं होईल म्हणाला आणि शेकोटीवर लक्ष ठेवायला गेला.

तुम्ही हसलात, हे ठीकच झालं. हसल्यानं अंगात ऊब येते. पण आता पुस्तक जरा बाजूला ठेवा आणि आत्ता पायांवर जे घेऊन बसला आहात त्याचा कोपरा उलटून बघा. नाहीतर कपाटावरच्या शालींच्या ढिगातली खालून तिसरी काढा, किंवा दाराला अडकवलेली बाजाराची पिशवी. कुणाचं ना कुणाचं नाव सापडेलच. सापडलं की टाळी वाजवायला विसरू नका. तोवर तुमचीही थंडी गेली असं धरता येणार नाही.