अनंत गुरुजींचं विमान

अनंत गुरुजींना लग्नाचा मुहूर्त विचारला, तर पंचांग उघडायच्या आधी ते करंगळी ओली करतात आणि खिडकीबाहेर धरतात. मुलीचे वडील बघतच राहतात. गुरुजी बोट धोतराला पुसतात आणि म्हणतात, "योग चांगलाय, पण वारं लय आहे." मग समोरचा माणूस लग्नासाठी आलाय हे ध्यानात येतं, आणि घाईघाईनं पंचांग चाळायला लागतात.

पिंगळीत माझं घर त्यांच्या घराला लागून. मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळं "हे तुमच्या खात्यातलं आहे, सर," असं म्हणून त्यांनी मला या भानगडीत ओढलं.

झालं असं. परभणीच्या एका यजमानाकडं ते सत्यनारायणाला गेले होते. त्या घरातला मुलगा परदेशी गेलेला, आणि त्याचं रिमोटवर उडणारं विमान कपाटावर धूळ खात पडलेलं. पूजा सांगताना गुरुजींची नजर सारखी कपाटाकडं जायला लागली. शेवटी यजमानानं शिध्याबरोबर तेही देऊन टाकलं. परत येताना कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, ह्याचं अर्धं तिकीट लागंल." गुरुजींनी खरंच पिशवीत हात घातला.

विमान फोमचं, पांढरं. नाकावर मोटर आणि पंखा, पोटात बॅटरी. गुरुजींनी आधी त्याला हळदकुंकू लावलं, मग नाकाला लिंबू-मिरची बांधली. ती मी सोडायला लावली. पहिल्या दिवशी त्यांच्या शेतात गेलो, तर मोटरच्या तारा उलट्या जोडलेल्या होत्या. मोटर सुरू झाली आणि विमान पुढं जायचं सोडून त्यांच्या पोटात शिरायला लागलं. "सर, हे मागं यायलंय!" असं ओरडत गुरुजी ढेकळांतून उलटे पळाले.

तारा सरळ जोडल्या, तेव्हा विमान हातातून सुटलं, नाक वर करून आभाळाकडं चढलं, जागच्या जागी थबकलं आणि कोलांटी खाऊन बांधापलीकडच्या तुरीत पडलं. पुढं दर रविवारी हेच. पडायचं ते त्या तुरीतच.

ती तूर अण्णांची. अण्णा म्हणजे गुरुजींचे थोरले भाऊ, तेही भटजीच. दोघांचं बोलणं बंद होतं. आई गेली त्या दिवशी अण्णा मानवतला लग्न लावत होते आणि फोन बंद होता. गुरुजींनी दुपारपर्यंत वाट पाहिली, मग लोकांनी घाई केली म्हणून अग्नी देऊन टाकला. अण्णा संध्याकाळी धावत आले, तोवर सगळं उरकलं होतं. पुढं शेत वाटलं, घर वाटलं, अण्णा शेतातल्या खोलीत राहायला गेले. यजमानसुद्धा वाटून घेतले: ताडकळसकडची गावं अण्णांची, पिंगळीकडची गुरुजींची.

विमान पडलं की थोड्या वेळानं तूर हलायची आणि अण्णा बाहेर यायचे. सुतकातलं भांडं धरावं तसं दोन बोटांत विमान धरलेलं.

"तुमचं हे. शेंगा झडल्या."

"लय झडल्या का?"

"झडल्या."

"खोकला कसाय?"

"आहे."

एवढं बोलून अण्णा वळायचे. मला वाटायचं, काय हेकट माणसं आहेत. परत येताना विमानाचं शेपूट लोंबत असायचं आणि गुरुजी मात्र स्तोत्र गुणगुणत असायचे. माणूस थोडा सरकलेला आहे, असं मी बायकोलाही सांगून टाकलं होतं.

पण मी पडलो विज्ञानाचा शिक्षक. दर रविवारी पडणारं विमान मला बघवेना. दिवाळीच्या सुट्टीत मी ते घरी आणलं. दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून उचललं, तर शेपूट धाडकन खाली. मागची बाजू जड होती. बॅटरी पुढं सरकवली, चिकटपट्टीनं घट्ट बसवली. विमान बोटांवर तराजूसारखं स्थिर राहिलं.

त्या रविवारी ते उडालं. हातातून सुटलं ते सरळ, मग हळू चढत, डावीकडं वळत शेतावरून फिरलं. कापूस वेचणाऱ्या बाया कंबरेवर हात ठेवून वर बघायला लागल्या. मी सांगत गेलो, गुरुजी रिमोटची काडी सरकवत गेले, आणि तीन-चार घिरट्या घालून विमान आमच्या पायांशी येऊन टेकलं. मी टाळ्या वाजवल्या.

गुरुजी बांधाकडं बघत होते. पलीकडं अण्णा उभे होते, डोळ्यांवर हात धरून. थोडा वेळ थांबले आणि तुरीत दिसेनासे झाले.

"उतरलं, गुरुजी!" मी म्हणालो.

"हो. उतरलं."

त्यानंतर गुरुजी शेतात जाईनात. विमान देवघराशेजारी, खुंटीवर. दोन-तीन रविवार गेले तेव्हा मी विचारायला गेलो. ओसरीवर बसले होते, दाढी वाढलेली.

"सर, तुम्ही लय चांगलं केलं," ते म्हणाले. "पण आता ते पडत नाही."

मला उलगडायला जरा वेळ लागला. "मग सरळ हाक मारा ना अण्णांना," मी म्हणालो.

"काय म्हणून मारू? काहीतरी कारण पाहिजे ना, सर."

पुढच्या रविवारी ते स्वतःच मला बोलवायला आले. दाढी केलेली, धोतर धुतलेलं. शेतात गेलो. विमान छान चढलं. एक घिरटी झाली आणि गुरुजींनी काडी पुढं दाबली. विमान नाकावर तुरीत गेलं. आम्ही बांधावर उभे राहिलो. ऊन चढत गेलं. बऱ्याच वेळानं तूर हलली. गुरुजींनी उपरणं सारखं केलं.

बाहेर आला तो कोणी अनोळखी तरणा माणूस होता. विमान दोन्ही हातांवर घेऊन.

"गुरुजी, तुमचं इमान. जरा चेंबलंय बगा."

"अण्णा?"

"अण्णा गेले की पुण्याला, लेकाकडं. दम लय वाढला व्हता. आता न्हाई यायचे म्हणले. शेत मी बटईनं कसायला घेतलंय. तुमाला म्हाईत न्हाई?"

"आहे, माहीत आहे," गुरुजी म्हणाले. विमान त्यांनी घेतलं नाही. हात पुढं आलाच नाही.

त्या माणसाला अवघडल्यासारखं झालं. "जाताना बजावून गेलेत," तो म्हणाला. "म्हणले, अनंताचं इमान पडलं तर हातातलं काम टाकून नेऊन दे. उन्हात उभा ऱ्हातो तो."

मी दुसरीकडं बघायला लागलो.

"काय म्हणले?" गुरुजींनी विचारलं. "परत एकदा सांगा."

त्यानं परत सांगितलं.