वनाभाऊचा उजवा पाय

तळपाय दाबून माणसं बरी करायची, हे ज्योतीच्या डोक्यात शिरलं ते मानेमुळे. जळगावात एका दवाखान्यात ती नऊ वर्षं पेशंटचे नंबर लावायचं काम करत होती. एकदा मान आखडली, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या बाईंनी मानेला हातही न लावता तिच्या पायाचा अंगठा दाबला आणि मान वळली. मान वळली खरी, पण ज्योतीचं मन काही त्या अंगठ्यावरून हलेना. अंगठ्याला मानेची खबर लागते कशी? या एका कुतूहलापायी तिनं नोकरी सोडली आणि रिफ्लेक्सॉलॉजीचा तीन महिन्यांचा कोर्स धरला.

परीक्षेला बसायचं तर वहीत वीस माणसांची नोंद हवी होती. कुठला बिंदू दुखला ते लिहायचं आणि खाली त्या माणसाची सही घ्यायची. ती राहायची त्या मेहरूण भागात कुणाला सवड नव्हती. नवऱ्याच्या तळपायाला बोट लावलं की तो पलंगावरून खाली पडेपर्यंत हसायचा. परीक्षेला चार दिवस उरले, तेव्हा ज्योती तळपायाचा तक्ता गुंडाळून बसनं असोद्याला माहेरी आली.

ममतावहिनीनं ओट्यावर सतरंजी टाकली. पहिले आले गल्लीतले सुकदेव आबा. दहाव्या मिनिटाला ते घोरायला लागले. वहिनीनं हलवून सही घेतली आणि ते पुन्हा झोपले. दुसरा समोरच्या घरातला वनाभाऊ. त्याच्यामागून त्याची बायको चमेलीबाई आली, नुसतं बघायला म्हणून.

उजव्या तळपायाच्या बाहेरच्या अंगाला ज्योतीचा अंगठा गेला आणि वनाभाऊ कळवळला.

“हा बिंदू कशाचा व?” चमेलीबाईनं विचारलं.

ज्योतीनं तक्ता पाहिला. “लिव्हरचा.”

“लिव्हर कायनं बिघडतं?”

“बऱ्याच गोष्टींनी, मावशी. तेलकट खाणं असतं, कधी दारू असते.”

वनाभाऊनं दारू सोडल्याला दोन वर्षं झाली होती. निदान घरात तसं सांगितलं जायचं. चमेलीबाई नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. ती नजर त्यानं अर्धा मिनिट सोसली.

“एकच डाव पिलो,” तो म्हणाला. “फैजपूरच्या लग्नात. लोकायनं लय आग्रह केला.”

चमेलीबाई उठून घरी गेली. सही न करताच वनाभाऊ लंगडत तिच्यामागे गेला.

दुपारच्या चहापर्यंत ज्योती पायावरून खरं-खोटं ओळखते, ही बातमी सगळ्या गल्लीत झाली. तोताराम नानांना त्यांची सूनच घेऊन आली. नानांचा पोटाचा बिंदू दुखला, तशी सून म्हणाली, “मंग एकादशीले उपास सांगून तुम्ही जळगावले कायले जाता, नाना?” नानांनी चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच निघून गेले.

त्यानंतर बायका नवऱ्यांना शोधू लागल्या आणि नवरे सापडेनात. ज्या केळीला काल पाणी दिलं होतं, तिलाच पुन्हा पाणी द्यायला निम्मी गल्ली मळ्यात गेली होती.

“अहो, मला खरंखोटं काही कळत नाही,” ज्योती कळवळून सांगत होती.

“तुले नसंल कळत,” एक बाई म्हणाली. “पायाले कळते.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहीत एकच सही होती, आणि तीही झोपेतली. आता परीक्षा बुडणार आणि जुन्या नोकरीवर दुसरी मुलगी बसलेली, हे ज्योतीला दिसत होतं. तरी तिला राहून राहून वेगळंच खटकत होतं. कधीकाळी लग्नात घेतलेली एक वेळची दारू पायात एवढी दुखेल?

सकाळी उठून ती वनाभाऊकडे गेली. त्याचा मुक्काम गोठ्यात हलला होता. तिनं त्याचा पाय उन्हात धरला. लिव्हरच्या बिंदूवर बारीक काळा ठिपका होता. सुईनं उकरलं, तर आतून बाभळीचा मोडका काटा निघाला.

वनाभाऊनं तो तळहातावर ठेवला आणि घरोघर दाखवत सुटला. “काटा व्हता. लिव्हर नव्हतं. काटा व्हता.”

गल्लीतल्या पुरुषांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पायाला काही कळत नाही, हे पक्कं झालं होतं. मळ्यातले लोक परतले आणि हातपाय धुऊन ओट्यावर रांगेत बसले. तोताराम नानासुद्धा आले, सुनेसमोर ताठ बसून दोन्ही पाय दाबून घेतले आणि ठसठशीत सही केली. दुपार कलेपर्यंत वहीत एकोणीस सह्या झाल्या. विसावा वनाभाऊ. चमेलीबाईनं स्वतः त्याच्यासाठी चहा आणला होता.

“बिचाऱ्याले उगीच दोन रात्री गोठ्यात काढाव्या लागल्या,” ती म्हणाली. वनाभाऊनं मोठ्या मनानं मान हलवली आणि ज्योतीच्या मांडीवर पाय ठेवला.

ज्योतीनं बिंदूवर अंगठा टेकवला. चमेलीबाई चहाची बशी वनाभाऊपुढे करता करता थांबली.

“काय व ज्योती,” ती सावकाश म्हणाली, “नुसता काटाच व्हता, तं मंग यानं कबूल कायले केलं?”

तोताराम नाना चपला शोधू लागले. कोर्समध्ये असल्या प्रसंगाबद्दल काहीच शिकवलेलं नव्हतं, तेव्हा ज्योतीनं शिकवलेलं होतं तेच विचारलं.

“वनाभाऊ, इथं दुखतं का?”

“आता इथं-तिथं बठ्ठंच दुखू राहिलं, बाई,” वनाभाऊ म्हणाला. “आण ती वही इकडे. सही करतो न् मळ्यात जातो.”