सावडीचं यंत्र

दोन रेणू एकमेकांना चिकटले की नाही, हे त्यांच्यातून प्रकाश सोडून सांगणारं यंत्र १९७१ साली नगर जिल्ह्यात आलं. मंजुरी दोन कॉलेजांना मिळून एकाच यंत्राची होती. कोल्हारचे कारभारी सर आणि नगरच्या पुष्पावतीबाई, दोघांनाही दिवाळीपर्यंत पीएच.डी.चा प्रबंध द्यायचा होता आणि दोघांचंही या यंत्रावाचून अडलं होतं. 'आधी आमच्याकडे' यावरून असं जुंपलं, की दोघांनी बोलणंच टाकलं.

यंत्र कुणी वापरायचं हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष राहुरीचे काकासाहेब. त्यांनी जन्मभर सावडीनं शेती केलेली. एक बैल आपला, एक शेजाऱ्याचा, आणि पेरणी दोघांची.

"एकाच्याच दावणीला दोन्ही बैल बांधले, की त्यो सोडत न्हाई," ते म्हणाले. "यंत्र बाईंनी न्यावं. त्यातला दिवा सरांनी."

"काकासाहेब, दिव्याशिवाय ते यंत्र म्हणजे नुसता डबा," सर म्हणाले.

"मंग तर वाटनी बराबर झाली."

दोन महिने डबा नगरला आणि दिवा कोल्हारला कापसात पडून राहिला. मी का जाऊ, हा दोघांचाही बाणा. दिवाळी पंधरा दिवसांवर आली, तेव्हा सर नरमले. दिवा आणि नमुन्यांचा थर्मास घेऊन त्यांनी नगरची एसटी धरली.

"बाई तर यंत्र टेम्पोत घालून तुमच्याकडंच गेल्या," तिथला शिपाई म्हणाला.

सरांना भरून आलं. ते तसेच मागे फिरले. कोल्हारला पोचतात, तर बाई वाट बघून परत गेलेल्या. ट्रंककॉल लागेना, आणि आता तर दोघांनाही चांगुलपणाची घाई झालेली. दुसऱ्या दिवशीही हेच झालं.

तिसऱ्या दिवशी राहुरीत एका हॉटेलापुढे उभा असलेला टेम्पो सरांना एसटीतून दिसला. त्यांनी कंडक्टरच्या आधी घंटीची दोरी ओढली.

बाईंनी यंत्र टेबलावर ठेवलं, सरांनी त्यात दिवा बसवला. हॉटेलवाल्या रंगनाथनं रेडिओची पिन काढून यंत्राची वायर लावू दिली. भजन बंद पडल्यामुळे गिऱ्हाईकं कुरकुरली. पण काटा हलला तशी तीच मंडळी चहा सोडून भोवती जमली.

"चिकटलं का?" सरांनी विचारलं.

"चिकटलं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "सर, अशी अजून दोन रीडिंगं मिळाली, की तुमचाही प्रबंध झाला आणि माझाही."

एवढ्यात बातमी ऐकून काकासाहेब हजर झाले. जोडी शेजारी शेजारी उभी बघून त्यांना धन्य वाटलं. त्यांनी वायर उपटली आणि कोपरावर दोरासारखी गुंडाळायला घेतली.

"सावड चालती, बगा. काष्टीच्या कॉलेजाचाबी अर्ज आलाय. ही त्यांची."