एका बैलाचे ब्रेक

खरेदी कशी करावी हे अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस म्हणजे मी! भोसरीच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. नटबोल्टपासून कँटीनच्या बटाट्यांपर्यंत काहीही आत यायचं असेल तर ते आधी माझ्या नजरेखालून जातं. माल विकायला आलेली माणसं मला बघून घाम पुसतात. घरी मात्र आमची दीपमाला मला साधी कोथिंबिरीची जुडीही आणू देत नाही. पण ते जाऊ द्या, बायकोपुढे कुणाचं काय चाललंय!

तर झालं असं, की दीपमालाच्या धाकट्या भावाने, सुरजने, स्पोर्ट्स कार घेतली. सेकंडहँड, पण लालभडक! दारं दोनच. मागे बसायचं तर गुडघे हनुवटीला टेकवून बसायचं. आवाज असा, की चाकणजवळच्या त्यांच्या गावातली कुत्री गाडीमागे धावायचं सोडून उकिरड्याआड लपायला लागली. सुरज तसा गुणी पोरगा. कंपनीत सुपरवायझर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. हौस एकच, गाडी.

आणि नेमकं त्या गाडीवरच त्याचं लग्न अडलं! ताथवड्याची आरोही त्याला मनापासून आवडली होती, तिलाही तो आवडला होता. पण तिचे वडील यशवंतराव गाडीचं नाव ऐकूनच बिथरले. "मुलगा चांगला असेल हो," ते म्हणाले, "पण असली गाडी घेणारा डोक्याने कसा असेल? दसऱ्याला या. गाडी घेऊनच या! चालवतो कसा ते मी स्वतः बघतो. मग ठरवू."

सुरजचा मला रडवेला फोन आला. "दाजी, माझं लग्न तुमच्या हातात आहे!"

"म्हणजे जमलंच समज," मी म्हणालो. "ब्रेक बदलू."

"आहेत ते लागतात की!"

"लागणं वेगळं आणि दिसणं वेगळं! आपण गाडीतून उतरायच्या आधी यशवंतरावांना ब्रेक दिसले पाहिजेत. मोठ्या डिस्क, म्हणजे लोखंडी चकत्या, त्यांना पकडणारा लाल चिमटा, चाकाच्या आऱ्यांमधून चमकायला पाहिजे! बघताक्षणी माणूस म्हणेल, वा, काय जबाबदार मुलगा आहे!"

सुरजला पटलं. अडचण एकच होती, पैसे तात्याबांच्या हातात होते. तात्याबा म्हणजे माझे सासरे. गोठ्यात शर्यतीची बैलजोडी, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीची किंमत ते बैलात मोजतात. मुलीच्या लग्नाचा मांडव त्यांना दीड बैलाला पडला होता. जावई कितीला पडला ते मी आजवर विचारलेलं नाही.

मी तीन दुकानांचे भाव काढून रविवारी सासरी गेलो. तात्याबा ओट्यावर बसून बैलाच्या शिंगांना लावायचा रंग कालवत होते.

"मामा, ब्रेक तीन प्रकारचे आहेत," मी सुरुवात केली.

"बैलात सांगा."

"साधे पॅड घेतले तर बैलाचं शेपूट."

"बरं."

"मधला माल घेतला तर मागचे दोन पाय."

"आन् त्यो लाल चिमटावाला?"

"अख्खा बैल," मी म्हणालो.

तात्याबांच्या हातातला कुंचला वाटीत पडला. "आवं पाव्हणं, आमी बैलाला पैसं देतो त्ये पळायसाठी! थांबायचं पैसं कोन देतं?"

"मामा, ज्याला हवं तिथं थांबता येतं, तोच बिनघोर पळू शकतो!" मी असं काही बोललो की माझं मलाच कौतुक वाटलं. "आणि पोराच्या लग्नाचा प्रश्न आहे."

तात्याबांनी रंगाची वाटी बाजूला ठेवली. मग उठून गोठ्यात गेले, डाव्या बाजूच्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "घ्या. सून येत आसंल तर घ्या." मला एकदम गलबलून आलं. माणूस पोरासाठी काय काय करतो!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भोसरीच्या गॅरेजमध्ये ब्रेक बसवले. गॅरेजवाला म्हणाला, "राव, एवढे ब्रेक घेऊन चाकण रोडला करणार काय? तिथं ट्रॅफिकच गाडी थांबवतं!" मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. संध्याकाळी गावात प्रात्यक्षिक दाखवलं. तात्याबांना पुढे बसवलं, सुरजने गाडी पळवली आणि ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी! तात्याबांची टोपी मात्र पुढच्या काचेवर आपटून त्यांच्याच मांडीत पडली.

"आयला," तात्याबा म्हणाले, "बैल वसूल!"

माझी मान ताठ झाली. गावातली दहा-बारा माणसं जमली होती, त्यांना मी चाकाजवळ बसवून व्याख्यान दिलं. "गाडी काय, पत्रा आहे! खरा जीव इथं आहे, या डिस्कमध्ये! हा साधा लोखंडाचा तुकडा समजू नका. घरात हिच्याइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही!" सासूबाई, म्हणजे गवराबाई, पदर डोक्यावर घेऊन अगदी मागे उभ्या राहून मन लावून ऐकत होत्या. चला, एक तरी श्रोता मिळाला, असं मला वाटलं.

दसऱ्याला सकाळी गाडीची पूजा. अंगणात विळे, कोयते, नांगराचा फाळ, सुरजचे पाने-पक्कड, सगळं मांडलेलं. गवराबाईंनी मला विचारलं, "जावईबापू, हळद-कुंकू गाडीच्या तोंडाला लावू का तुमच्या बिरेकाला?"

"मामी, ब्रेकला!" मी म्हणालो. "मान त्याचाच!"

एवढं बोलून मी पुरणपोळीकडे वळलो. जेवण उरकलं, झेंडूच्या माळा घातल्या आणि आम्ही निघालो. सुरज गाडी चालवायला, मी त्याच्या शेजारी, तात्याबा मागे, गुडघे हनुवटीला. गवराबाई आणि दीपमाला भाड्याच्या गाडीने पाठीमागून येणार होत्या.

मोशीच्या पुढे पहिला सिग्नल लागला. सुरजने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण पुढच्या टेम्पोच्या इतकी जवळ, की टेम्पोच्या मागे लिहिलेला शेर मला डोळे बारीक न करता वाचता आला.

"दाजी, ब्रेक कमी लागतोय."

"नवे ब्रेक आहेत! नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. जोरात चालव आणि जोरात दाब, आपोआप बसतील!"

"काल तर लागत होते."

"काल ते अजून अनोळखी होते!" या वाक्याचा अर्थ काय, हे मला आजही सांगता येणार नाही.

 सुरजने गाडी दुसऱ्या गियरमध्ये घातली, रस्त्याच्या डाव्या कडेला घेतली आणि चालवू लागला. चालवू लागला म्हणजे रांगवू लागला! शेअर रिक्षा आम्हाला मागे टाकून गेली. गॅस सिलिंडरचा टेम्पो गेला. उसाचा रस काढायचं यंत्र लावलेली हातगाडी काही वेळ आमच्या बरोबरीने चालली, मग तीही कंटाळून पुढे गेली. भाड्याच्या गाडीतून दीपमालाने हात हलवला आणि दोघी मायलेकी दिसेनाशा झाल्या.

"अरे दाब जरा!" मी ओरडलो. "स्पोर्ट्स कार आहे, वरातीचा घोडा नव्हे! इज्जतीचा प्रश्न आहे!"

"नाही दाजी."

"मी सांगतोय ना!"

"नाही दाजी."

इतक्यात वास आला. खमंग, गोड, खरपूस!

"कुणाच्या तरी घरी शिरा चाललाय," मी म्हणालो. "दसरा आहे ना!"

भोसरीच्या चौकात परत तोच वास. नाशिक फाट्यावर तोच. "पाव्हणं," तात्याबा मागून म्हणाले, "समद्या गावानं आज शिराच केलाय का वं?" मी म्हटलं, शहरात आता तशीच पद्धत आहे. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला खाली वाकून आमच्या चाकाकडे बघत होता. नवे ब्रेक बघतोय, असं वाटून मी त्याला मान डोलावून दाद दिली. त्याने नाकाला रुमाल लावला.

आरोहीची सोसायटी ताथवड्यात, आणि सोसायटीच्या फाटकाकडे जाणारा रस्ता उताराचा! वरूनच मला सगळं दिसलं. फाटकात यशवंतराव, कडक इस्त्रीचा सदरा, हात पाठीमागे. शेजारी त्यांच्या मंडळी आणि आरोही. आमच्या बायकाही केव्हाच पोचलेल्या. फाटकाच्या कडेला झेंडूवाल्याने फुलांचा ढीग लावला होता.

"आता दाखव त्यांना ब्रेक!" मी म्हणालो.

सुरजने दाबला. गाडी चालतच राहिली. त्याने पेडलवर उभं राहायचं तेवढं बाकी ठेवलं. गाडीचा वेग चालत्या माणसाइतकाच, पण थांबायचं नाव नाही! पुढच्या दोन्ही चाकांमधून धूर निघू लागला आणि शिऱ्याचा वास असा पसरला, की वॉचमन खुर्चीतून उठला.

"हो! हो! हो!" तात्याबांनी मागून बैल थांबवायला घालतात तशी हाळी दिली. गाडीने ऐकलं नाही. तेव्हा त्यांनी आमच्या दोघांच्या मधून हात घातला, कासरा समजून हँडब्रेक धरला आणि शर्यतीच्या जोशात मागे ओढला! सुरजने त्याच क्षणी गाडी झेंडूच्या ढिगाकडे वळवली. धप्प! पुढची काच केशरी झाली. सगळं शांत झालं.

काचेवरची फुलं बाजूला झाली तेव्हा समोर यशवंतराव दिसले. त्यांचे हात अजून पाठीमागेच होते.

आम्ही उतरलो. तात्याबांचे पाय सरळ व्हायला वेळ लागला. तोवर आरोही पुढच्या चाकापाशी वाकली होती. तिने रिमवरून ओघळलेलं काहीतरी बोटावर घेतलं, वास घेतला आणि सावकाश म्हणाली, "हे तूप आहे."

"साजूक हाय!" गवराबाई अभिमानाने पुढे झाल्या. "घरच्या म्हशीचं! इळ्या-कोयत्याला आमी दर दसऱ्याला तेल लावतो, लोखंड गंजू नये म्हनून. पन जावईबापू म्हनले, ही घरातली समद्यांत मोलाची वस्तू. मंग तिला तेल कसं लावू बाई? दोनी बाजूंनी चोळलं, आत बोट घालून!"

दीपमालाने माझ्याकडे पाहिलं. ती कोथिंबीर मला का आणू देत नाही, हे तिथे जमलेल्या सगळ्यांना एकदम समजलं असावं. सुरजचा चेहरा पांढरा पडला होता. लग्न गेलं, बैल गेला, आणि झेंडूवाला पैशासाठी उभा! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पोराच्या आयुष्याचा प्रश्न होता, आणि मी शिऱ्याचा वास घेत बसलो होतो!

यशवंतराव सुरजपाशी गेले. "ब्रेक लागत नाही हे कधी कळलं?"

"मोशीच्या पुढे."

"मग?"

"दाजी म्हणाले, नवे आहेत, बसायला वेळ लागतो. जोरात चालव आणि जोरात दाब."

"मग तू काय केलंस?"

सुरजने चोरट्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. "दाजींचं ऐकलं नाही. कडेनं हळूहळू आणली. बाजूला थांबवायला पाहिजे होती, ते चुकलं माझं."

"दाजी परत बोलले असतील?"

"रस्ताभर!"

"तरी ऐकलं नाहीस?"

"न्हाई," सुरज म्हणाला. घाबरला की त्याच्या तोंडून गावची भाषा येते.

यशवंतरावांनी पाठीमागचे हात पहिल्यांदाच पुढे घेतले आणि सुरजच्या खांद्यावर ठेवले. मग मंडळींकडे वळून म्हणाले, "चला, पोहे टाका! पोरगं डोक्याने एकदम शाबूत आहे!"

लग्न माघात आहे. ते माझ्यामुळे जमलं, असं मी सगळ्यांना सांगतो. आणि गंमत म्हणजे यावर सासरचं एकही माणूस वाद घालत नाही!