मुरांब्याखालचा अर्धा

सिमाची प्रबंधाची जाहीर परीक्षा दोन वाजता होती, आणि पावणेबाराला तिच्या आईने भिंत पुसायला घेतली.

आई व्होलोग्दा गावाहून पिरोझकींचे, म्हणजे कोबी भरलेल्या पावांचे, तीन डबे घेऊन विभागातच आलेली. स्वस्थ बसेल तर शपथ! "काय ही घाण! डॉक्टर होणाऱ्यांची खोली का ही?" म्हणत तिने भिंतीवरच्या, प्लास्टिकने मढवलेल्या गुणकांच्या तक्त्यावर ओलं फडकं फिरवलं. प्लास्टिकवरचा चेरीच्या मुरांब्याचा वाळका डाग निघाला आणि त्याखालून सातव्या आकृतीच्या गुणकापुढे एक 'अर्धा' बाहेर आला.

सिमाने घाईघाईने आपला प्रबंध उघडला: त्यात सातव्या आकृतीला अर्धा नव्हताच.

पीटरहोफच्या त्या भौतिकशास्त्र विभागात दंडकच होता. प्रत्येक आकृतीचं गणित दोघांनी वेगळ्या खोल्यांत, एकमेकांशी चकार शब्द न बोलता करायचं आणि शेवटी उत्तरं जुळवायची. सिमा आणि तिचा जोडीदार तिमोफेई यांची उत्तरं तंतोतंत जुळली होती. न जुळायला काय झालं? गुणक दोघांनीही याच तक्त्यावरून उचलले होते!

"अगं, तीस वर्षं सगळे इथूनच उचलतायत!" तिमोफेई किंचाळला. अर्ध्या तासात इथेच डॉक्टरेट मिळवलेले तीन जुने डॉक्टर आपापले प्रबंध घेऊन धावत आले. सिमा रडायचीच बाकी होती. पदार्थ रूप पालटण्याच्या उंबरठ्यावर असताना खळबळत्या प्रवाहाने त्याला घुसळलं तर त्याचे घातांक बदलतात का, यात तिची पाच वर्षं गेली होती.

मार्गदर्शक व्हेनियामिन ग्लेबोविच अंगातला कोटही न काढता गणिताला बसले. चाळीस मिनिटांनी खो खो हसले.

"सिमा, तुझा प्रवाह केवढा गं?"

"सगळ्यात जोराचा."

"मग त्यापुढे पदार्थाच्या कणांचं आपसातलं भांडण कोण ऐकतंय? ही आकृती त्या भांडणाची. तिचा वाटा शून्य. त्याचा अर्धा कर नाहीतर दुप्पट. आणि इथले सगळेच जोराच्या प्रवाहावर डॉक्टर झालेत. सुटलात, लेको!"

सिमाने त्यांच्या कोटात डोकं खुपसून मनसोक्त रडून घेतलं.

दोन वाजता परीक्षक अर्काडी प्लातोनोविच उठले. कधीकाळी इथलेच विद्यार्थी. आता त्यांच्या नुसत्या नावाने लोक घाबरत. "पान त्रेसष्ट. इथला अर्धा कुठाय?"

"मुरांब्याखाली होता," सिमा बोलून गेली. मग सावरून फळ्यावर ते शून्य तिने ओळीओळीने काढून दाखवला.

"मुरांब्याखाली?" एवढंच म्हणून ते खाली बसले. सगळी मतं सिमाच्या बाजूने पडली.

चहाच्या वेळी ते हळूच तक्त्यापाशी गेले आणि त्यांनी केवढा तरी सुस्कारा सोडला. "लिहिला होता मी! पोरी, तुझा प्रबंध वाचल्यापासून तीन आठवडे झोप नाही मला. म्हटलं, तक्ता माझ्या हातचा, अर्धा मीच विसरलो की काय!"

आई मुरांब्याची वाटी घेऊन शेजारीच उभी होती. "तुमच्या हातचा? आणि चहाबरोबर मुरांबा कोण खायचं इथे?"

अर्काडी प्लातोनोविचनी हातातला मुरांब्याचा चमचा हळूच खिशात घातला.

आईने वाटी मागे घेतली आणि त्यांच्या हातात ओलं फडकं दिलं. "डाव्या कोपऱ्यात अजून एक डाग आहे."

ते निमूटपणे पुसू लागले. आणि आता या डागाखाली काय निघतंय म्हणून मागे तिन्ही जुने डॉक्टर धडपडत उठून उभे राहिले.